खालच्या पानाला कोण विचारतं?

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी पवनारच्या आमच्या शेतात माझंच बोलणं माझ्या अंगाशी आलं.

धाकटी बहीण सुनी टमाट्याची ठिपके पडलेली खालची पानं खुडत होती. शेजारच्या कमलमावशी मदतीला होत्या. मला राहवलं नाही. घरातली पहिली पदवीधर मी, तीही कृषीची!

"काही रोगांत पान ठिपक्याभोवतीच्या आपल्याच पेशी मारून टाकतं," मी सांगितलं. "तिथं सॅलिसिलिक ॲसिड नावाचं संप्रेरक वाढतं आणि वरच्या पानांना निरोप जातो, सावध व्हा. मग तो रोग आला तरी ती टिकतात."

"अन् खालचं पान?" सुनीनं विचारलं.

"ते वाळतं. पण झाड वाचतं ना! किती सुंदर आहे हे."

कमलमावशी खो-खो हसल्या. "वा वं पोरी! त्या मरनाऱ्या पानाले इचारजो, त्याले किती सुंदर वाटून राह्यलं ते."

सुनी हसली नाही. दोघींपैकी एकीलाच कॉलेजात पाठवायचं घरात ठरलं, तेव्हा दहावीनंतर तिला शेतात घातलं. मार्क तिचे जास्त होते.

"ताई," ती म्हणाली, "हे शिकाले तुले कॉलेजात जावं लागलं? मले तं घरीच समजलं."

खुडलेलं पान माझ्या हातावर ठेवून ती पुढच्या झाडाकडे वळली.

ते पान अजून माझ्यासमोर आहे. तुमच्या घरी न विचारता कोणाला खालचं पान केलं? आणि तुम्ही त्यांच्याशी काय बोलता?