याजकाच्या खांद्यावरची शाल

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही. रोज सकाळी डोळे मिटून ज्याला सगळं सांगते असा माझा दावा आहे, त्यालासुद्धा — नाही. त्याला ठाऊक असेल म्हणा. पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि मी तोंडाने सांगणं वेगळं. हो की नाही?

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची स्मरणिका निघते आहे. अंक काढणारी सगळी तरुण मंडळी, इथेच अमेरिकेत जन्मलेली. त्यांनी फर्मान सोडलं, "सुमनकाकू, यू हॅव टू राइट! जुन्या नाटकांबद्दल काहीतरी फनी." मी हो म्हटलं. फनी मला जमतं. तीस वर्षं मी त्या एका नाटकाबद्दल फनीच बोलत आले आहे — दाढी कशी निघाली, देवदूत कसा स्टेजवरच झोपला, रोमी शिपायाने शूजचे दिवे कसे लुकलुकवले. लोक हसतात. हसले की पुढचं कुणी विचारत नाही.

मग त्यांनी मला जुन्या अंकाची एक प्रत पाठवली, आठवायला मदत म्हणून. त्यात त्या नाटकाबद्दल एक ओळ आहे: "एका यहुदी भगिनीने दिलेल्या चुकीच्या सल्ल्यामुळे थोडा गैरसमज झाला."

ती ओळ मी याआधीही वाचली होती. छापायच्या आधी वाचली होती. मुद्रितं मीच तपासली होती.

थांबा. सगळं सांगते, पण मला वळसे घेतच यावं लागेल.

त्या भगिनीचं नाव फ्लोरा. रेवदंड्याची, बेने इस्रायल. म्हणजे शेकडो वर्षं कोकणात राहून मराठी झालेली यहुदी. मी नगरची ख्रिस्ती. आमच्या गावातल्या, पार्सिपनीतल्या हळदीकुंकवांत आम्ही दोघी कोपऱ्यातल्या सोफ्यावर. बायका मला विचारायच्या, "तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?" आणि फ्लोराला विचारायच्या, "तुम्ही नक्की काय आहात?" तिच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, शनिवारी चूल बंद. त्यांना काही केल्या जमेना. तिच्या सिनगॉगमधल्या, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरातल्या, गोऱ्या बायकांनाही जमत नसे. त्या गोड आवाजात विचारायच्या, "बट ओरिजिनली? बिफोर दॅट?" फ्लोरा मला सांगायची, "सुमन गो, यांच्या लेखी मी अजून बोटीतच आहे, किनाऱ्याला लागलेच नाही." तरी ती जात राहिली. सात वर्षं. शेवटी त्यांनी तिला सणाच्या जेवणाच्या कमिटीत घेतलं, त्या दिवशी तिने मला फोन करून अर्धा तास फक्त टेबलक्लॉथबद्दल सांगितलं. हे लक्षात ठेवा. मलाही लक्षात होतं — तेच तर आहे.

आता नाटककार बाईंकडे, म्हणजे माझ्याकडे, वळू. वय चव्वेचाळीस, केस बॉयकट, कानात मोठ्या रिंगा, स्वतःविषयीचं मत फार चांगलं. आम्ही दर रविवारी दुपारी चार वाजता एका अमेरिकन चर्चच्या हॉलमध्ये जमायचो. हॉल त्यांचा, मेहरबानी त्यांची, कॉफीचं भांडं कसं विसळायचं याची चिठ्ठीही त्यांची. झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आधीच्या, मुलांचं नाटक ठरलं. बाईंनी दोन आठवड्यांत एका वहीत लिहून काढलं. ख्रिस्ताचा खटला. रोमी सुभेदार पिलात कसा दाखवला होता म्हणता? हळवा. कपाळाला हात लावणारा. बायकोचं ऐकणारा. त्याला मी तीन स्वगतं दिली होती! ख्रिस्तालासुद्धा एवढी वाक्यं नव्हती. आणि 'याच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही' म्हणत तो हात धुतो, त्या प्रवेशाला माझं पितळी घंगाळ, वरून तांब्याने पाणी, मागे पेटी. काय सांगू, मी स्वतःच तालमीत रडले होते. दुसऱ्या बाजूला यहुदी. सगळे सारखे, सगळे चिडलेले, सगळे दात खाणारे.

आणि येशू? तो मात्र यहुदी वगैरे कुणीच नाही. तो जणू नगरहूनच आलेला.

याजकाचा पोशाख हवा होता. मी फ्लोराकडे गेले. तिच्या नवऱ्याची, शमुवेलभाऊंची, प्रार्थनेची शाल मागितली. पांढरी, काळ्या पट्ट्यांची, चारी कोपऱ्यांना गाठी मारलेले दोरे. त्यांच्या वडिलांनी दिलेली. ती विचारात पडली. "कशाला हवी?" मी म्हटलं, नाटकाला. "कुणासाठी?" आणि मी — काय म्हटलं असेल? मी म्हटलं, येशूसाठी. कारण ते ऐकायला छान वाटलं. तिलाही वाटलं. ती म्हणाली, बरोबर आहे, तो आमच्यातलाच की, तो ही घेतच असणार. मग म्हणाली, वही दे बघू, वाचते. मी म्हटलं, अगं, सरप्राइज आहे. शनिवार संपल्यावर तिने शाल उशीच्या अभ्र्यात घालून दिली. "ह्यांना सांगितलेलं नाही. जपून गो. ही शेवटी माणसाबरोबर जाते."

मी मान डोलावली. काय समजून? काही नाही. मला वाटलं, प्रवासात वगैरे नेत असतील.

येशूला मी बेडशीट गुंडाळली. शाल दिली येशूचा जीव मागणाऱ्या यहुदी प्रमुख याजकाला. मुलगे कमी होते म्हणून ती भूमिका एका बारा वर्षांच्या मुलीची, कापसाची दाढी लावून.

आमच्या रूथने — माझी नात, कॉलेजात धर्मांचा इतिहास शिकते — आता त्या नाटकाची टेप शोधून काढली. स्मरणिकेसाठी मीच तिला तळघरात पिटाळलं होतं. मी स्वतःच! तिने ती कुठूनतरी कॉम्प्युटरवर घालून आणली आणि मागच्या आठवड्यात दुपारी, चहा घेता घेता आम्ही दोघी बघायला बसलो. मी हसायच्या तयारीत. दाढी निघते तो भाग मी तिला आधीच सांगून ठेवला होता.

मुलं रांगेत उभी. गोड, फुगीर गालांची, मराठी शब्द अडखळत म्हणणारी. हात वर करून ती त्याचा जीव मागत होती. आणि पडद्यामागून एक आवाज येत होता, "मोठ्याने! अजून मोठ्याने! तुम्ही यहुदी आहात ना? चिडा ना!"

रूथ म्हणाली, "आज्जी, हू इज दॅट?"

तुम्ही कधी स्वतःचा आवाज ऐकून ओळखला नाही, असं झालंय? मला झालं. दोन क्षण मी खरंच विचार केला, कोण ही बया?

आणि पहिल्या रांगेत फ्लोरा. पाठमोरी. अंबाड्यात अबोली रंगाचं फूल. याजक स्टेजवर आला, खांद्यावर ती शाल. ओळखीची वस्तू दिसली की माणूस उजळतो ना, तसे तिचे दोन्ही हात टाळीसाठी वर आले. आणि तिथेच राहिले. दोन हात, मध्ये वीतभर अंतर. मुलं ओरडत होती, माझा आवाज त्यांना चेतवत होता, आणि ते हात ना जवळ येत होते ना खाली. टेपवर किती वेळ ते, मी मोजलं नाही. मोजवलं नाही.

रूथने टेप थांबवली. तिने मला जे सांगितलं ते इथे लिहिते, कारण मी साठ वर्षं शास्त्र वाचते आहे आणि मला ते दिसलं नव्हतं. ती म्हणाली, पहिले प्रचारक सगळे यहुदीच. पेत्र, पौल, सगळे सिनगॉगमध्येच बोलायचे. भांडण होतं ते घरातलं. मग रोमने यहुद्यांचं मंदिर पाडलं, शहर जाळलं. आता रोमच्या राज्यात, रोमच्या डोळ्यांदेखत, रोमच्याच सुभेदाराने बंडखोर म्हणून क्रुसावर दिलेल्या माणसाची गोष्ट सांगायची कशी? भीती वाटणारच. क्रूस ही शिक्षाच मुळी रोमची. पण बरेच अभ्यासक म्हणतात, गोष्ट जशी पुढे गेली तसा सुभेदार सज्जन होत गेला आणि ठपका सरकत सरकत आपल्याच भाऊबंदांवर गेला. ज्याच्या हातात सत्ता त्याला दुखवायचं नाही. जो शेजारी बसलाय, त्याच्यावर ढकलायचं.

ती हे सगळं अभ्यासातलं म्हणून सांगत होती. मला वाटलं, हिला कुणी सांगितलं? हिला त्या दिवशीच्या किचनमधलं कुणी सांगितलं?

किचन. आले शेवटी तिथे.

त्या दिवशी त्या चर्चच्या गोऱ्या पाळकांनी गावातल्या रब्बींना, यहुदी धर्मगुरूंना, पाहुणे म्हणून आणलं होतं. मैत्रीखातर. रब्बी मध्येच उठून गेले. भाषा कळत नसली तरी शाल कळते. नाटक संपलं, पाळक किचनमध्ये आले. चेहरा पांढराफटक. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, ही शाल कुणी ठरवली? मी घंगाळ विसळत होते. हो — हात ओलेच होते. माझ्या वहीत असं असतं तर मी फार उघड म्हणून खोडलं असतं.

मी म्हटलं, "अवर ज्यूइश फ्रेंड. शी गेव्ह इट. शी रेड द स्क्रिप्ट. शी सेड इट्स फाइन."

फ्लोरा दारात उभी होती. त्यांच्या सणाचा आठवडा, पाव चालत नाही, म्हणून सगळ्यांसाठी नारळाच्या वड्या करून आणल्या होत्या. ताट हातात. पाळक वळले, "इज दॅट सो?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी घंगाळाकडे बघितलं.

"येस," फ्लोरा म्हणाली. "माय मिस्टेक."

का म्हणाली? मी कधी विचारलं नाही. मला वाचवायला? की त्या किचनमध्ये मी खोटी आहे हे ऐकण्यापेक्षा तिला तेच सोपं वाटलं? तुम्ही म्हणाल, हॉल गेला असता, मंडळी रस्त्यावर आली असती, म्हणून तू — नाही हो. तो भला माणूस होता. मी खरं बोलले असते तर त्याने मान हलवली असती, मला एक पत्र लिहायला लावलं असतं. मी घाबरले ते एका गोऱ्या माणसाच्या भुवयांना. बस्स. एवढंच माझं रोम.

सिनगॉगमध्ये बातमी गेली. नवऱ्याची शाल आपल्याच लोकांच्या टवाळीला देणारी बाई. टेबलक्लॉथची कमिटी सुटली. मग जाणंच सुटलं. दोन वर्षांनी ती दोघं मुलीकडे, दूर प्लेनो गावी गेली. मला हे सगळं महिन्यामहिन्याने कळत होतं, आणि मी दर रविवारी दाढीचा किस्सा सांगत होते.

आम्ही अजून फोनवर बोलतो. गुडघे, नातवंडं, कोथिंबीर का उगवत नाही. ती गोष्ट — कधीच नाही. परवा मी तिला फोन केला. म्हटलं, फ्लोरा, मी ते लिहिते आहे. खरं काय ते. आपल्या अंकात छापून येईल, आणि रूथ इंग्रजीत करते आहे, तो कागद मी त्या सिनगॉगच्या ऑफिसात स्वतः नेऊन देणार.

तिने पलीकडे टीव्हीचा आवाज कमी केला. मग ती म्हणाली, "शाल तशीच आहे गो माझ्याकडे."

मला कळेना. शमुवेलभाऊंना जाऊन चार वर्षं झाली.

"आमच्यात माणसाला त्याच्याच शालीत गुंडाळून देतात," ती म्हणाली. "मी काढली होती कपाटातून. हातात घेतली. पण ती घातलेली पोर दिसायला लागली, कापसाची दाढी लावलेली, आणि ती ओरडणारी मुलं. नाही घालवली माझ्याच्याने ह्यांच्या अंगावर. मुलीने दुकानातून नवी आणली."

मग तिने विचारलं, "गुडघा कसा आहे?"

मी सांगितलं, बरा आहे.

वही मी लिहिली होती. फ्लोराने ती वाचली नव्हती, मी वाचू दिली नव्हती. सल्ला तिने दिला नव्हता. शाल मी खोटं बोलून आणली आणि माझ्या हातांनी त्या पोरीच्या खांद्यावर नीट, पिन लावून बसवली. शमुवेलभाऊ परक्या शालीत गेले.