जावयाच्या वॉटर स्कूटरच्या नळ्या

मोताळा तालुक्यात वॉटर स्कूटर चालवणारा पहिला माणूस मी आहे. शेवटचाही बहुधा मीच. हा मान मी मागितलेला नव्हता. त्या दिवशी मला जेवून फक्त झोपायचं होतं.

अधिक महिना होता, म्हणजे आमच्याकडचा धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, कपडे करायचे आणि जावयाला इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही. आमच्या अर्चनाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. जावई मंगेशराव मालवणचे. पर्यटकांना समुद्रात फिरवायचं काम दुसऱ्याच्या हाताखाली करत होते. आता स्वतःचा धंदा काढायचा म्हणून त्यांनी नागपूरला जाऊन एक जुनी वॉटर स्कूटर घेतली आणि आपल्या गाडीमागच्या ट्रॉलीवर बांधून तशीच सासुरवाडीला आणली. अर्चनाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, आमचं होतं-नव्हतं ते सगळं याच्यात आहे. कोणालाही हात लावू देऊ नका."

मी कोणालाही लावू दिला नाही. मीच लावला!

झालं असं की सकाळी चहा पिता पिता जावई सहज बोलून गेले, "इंजिन झकास आहे हो. फक्त पेट्रोलच्या आणि ऑइलच्या नळ्या जुन्या झाल्यात, आतून वितळल्यात. दुपारी बदलून टाकतो."

स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं.

"अहो!" (या हाकेनंतर मला आजवर कधीही आराम मिळालेला नाही.) सौभाग्यवतींनी मला आत घेतलं. "धोंड्याले आलेला जावई हाताले काळं लावीन? गावात तोंड दाखवाची सोय राहीन का?"

"अवं, पण त्यायले येते ते काम. मले त्यातलं काय समजते?"

"सोयाबीनचं तरी काय समजते? करताच ना दरसाल!"

मी उठलो आणि धाकट्या भावाला, श्रीरामला, बोलावून आणलं. श्रीराम आमच्या घरातला इंजिनाचा जाणकार. म्हणजे फवारणी पंप बंद पडला की तो त्याला लाथ मारतो आणि दहातून दोनदा पंप चालू होतो.

"टेन्शन नको घेऊ भाऊ," त्याने सीट काढून आत डोकावलं. "फवारणी पंपाचाच मोठा भाऊ हाय हा. चाल, काढू सगळ्या."

काढायचं काम आम्ही फार छान केलं. नळ्या हाताला लागताच तुटत होत्या, आतून हिरवा चिकट पाक गळत होता, आणि आम्ही एकेक ओढून मागे फेकत होतो. शेवटची नळी निघाल्यावर श्रीरामने पुन्हा आत डोकावलं. आत नुसत्या उघड्या तोट्या आमच्याकडे बघत होत्या.

"भाऊ, यातली कोणची कुठी होती?"

"मले काऊन विचारतं? तू काढून राह्यला होता ना!"

"मले वाटलं तू ध्यानात ठेवून राह्यला."

अंगणातल्या खाटेवर जेवत बसलेले जावई ताडकन उठले. "बाबा, मी जरा बघतो…"

"बसा न जावईबापू!" सौभाग्यवतींनी त्यांच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला आणि वर तुपाची धार सोडली. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "बाबा, माझ्या गाडीच्या डिकीत…" या वेळी मीच ओरडलो, "तुमी बसा हो!" ऊन, घाम, पेट्रोलचा वास आणि कंबरेतली कळ. मला कोणाचंही काही ऐकायचं नव्हतं.

नव्या नळ्या कुठून आणायच्या, हा प्रश्न श्रीरामने चुटकीसरशी सोडवला. शेडमध्ये ठिबक सिंचनाच्या उरलेल्या बारीक नळ्यांची गुंडाळी पडली होती. "नळी ते नळी भाऊ! तिले काय समजते, पाणी हाय का पेट्रोल?" अंदाजाने नळ्या तोट्यांना जोडल्या, तारेने आवळल्या. ऑइलची टाकी वेगळी होती, तरीही पंपात टाकतात तसं थोडं ऑइल त्याने पेट्रोलमध्येही ओतलं. असू दे, म्हणे.

आता चालवून बघायचं कुठे? आमच्या शेततळ्यात! शेजारच्या शेतातल्या लोकांना बोलावून, दोर बांधून स्कूटर तळ्यात उतरवली आणि दोर सोडून घेतला. जावई बसायला पुढे झाले.

"अहो! त्यायले काही झालं म्हंजे? तुमीच बसा!"

(मला काही झालेलं चालणार होतं. मला पोहता येत नाही, हे तिला लग्नापासून माहीत आहे.) जावयांनी मुकाट्याने आपलं लाइफ जॅकेट काढून माझ्या अंगात चढवलं. अर्चना काठावर पदर तोंडाला लावून उभी होती.

मी बटण दाबलं. आधी धूर आला. मग आणखी धूर आला. मग तळं दिसेनासं झालं आणि वरच्या शिवारातून कोणीतरी ओरडलं, "कोणाचा गोठा पेटला बे?" तेवढ्यात स्कूटर उसळली, मला घेऊन तळ्याच्या मध्यापर्यंत गेली आणि ठसका लागल्यासारखी बंद पडली. मी पुन्हा बटणाकडे अंगठा नेला.

"बाबा, हात काढा! दाबू नका! पेट्रोलचा वास येतोय!"

जावई इतक्या मोठ्याने बोलू शकतात, हे मला तेव्हा कळलं. आहेराच्या कपड्यांसकट त्यांनी तळ्यात उडी टाकली, पोहत आले आणि मला स्कूटरसह काठाला ओढलं. सीट उघडली. ठिबकच्या नळीला ठराविक अंतरावर भोकं असतात, हे आम्हा दोघा शेतकऱ्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. थेंब थेंब सोडायचं आपलं काम नळी इमानाने करत होती आणि खाली पेट्रोलचं तळं साचलं होतं. आणखी एकदा बटण दाबलं असतं, तर मी हे लिहायला उरलो नसतो, आणि लेकीचा संसारही माझ्याबरोबर आकाशात गेला असता. अर्चना माझ्याशी बोलत नव्हती, तेच जास्त लागलं.

संध्याकाळी जावयांनी माझा जुना बनियन घातला आणि गाडीची डिकी उघडली. आत नव्या कोऱ्या नळ्या होत्या! मापाच्या, क्लिपांसकट! आतलं पेट्रोल पुसून, टाकी धुऊन, शीळ घालत त्यांनी सगळ्या नळ्या बसवल्या. सौभाग्यवती दारात उभ्या राहून "लोक काय म्हनतीन" एवढंच म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी स्कूटर तळ्यात एका झटक्यात सुरू झाली आणि मी शेडमागे जाऊन डोळे पुसले.

आता त्यांचा धंदा छान चाललाय. आम्ही मालवणला गेलो की मला छत्रीखाली खुर्ची मिळते, शहाळं मिळतं, वेळेवर गरम जेवण मिळतं. साधी दोरी उचलायला गेलो तरी लेक-जावई एकदम ओरडतात, "बाबा, बसा!" सासरा असून जावयाचा मान मिळवलेला अख्ख्या वऱ्हाडात मी एकटाच असेन. अवघड काही नाही, फक्त एकदा काम करून दाखवावं लागतं.