गोदाकाकूंचं नाव आणि डॉटकॉम तात्या

कुणाचंही नवं नाव कानावर पडलं की डॉटकॉम तात्यांची बोटं वळवळू लागत. केजला त्यांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान होतं, शेजारीच माझं वकिलीचं टेबल. गावात मंगल कार्यालय उघडो की पुढारी प्रचाराचा नारळ फोडो, लोक पेढे खात आणि तात्या त्या नावाचा वेबसाइटचा पत्ता स्वतःच्या नावावर नोंदवून मोकळे होत. पुढे तो माणूस वेबसाइट काढायला निघाला की तात्या त्याला चहा पाजून किंमत सांगत.

याला ते समाजसेवा म्हणत. "बाहेरच्यानं उचललं असतं तर? मी हाय म्हणून तुमचं नाव गावात ऱ्हायलं!" लोक आभार मानून पैसे देत. एका कार्यालयवाल्यानं तर अर्धे पैसे आगाऊ भरून वर शाल घातली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

घाटनांदूरच्या गोदाकाकू धनगराच्या घरातल्या. 'गोदाकाकूंची घोंगडी' या नावानं त्यांचा माल वर्षानुवर्षं पुण्यापर्यंत जाई. लेकीनं वेबसाइट करायला घेतली तेव्हा कळलं, पत्ता आधीच तात्यांकडे. वर तिथं तात्यांनी कुठल्याशा कारखान्याची घोंगडी विकायला मांडलेली. गिऱ्हाइकं काकूंनाच फोन करून विचारू लागली, "काकू, यंदा लोकरीत नायलॉन कसं?"

काकू दुकानात आल्या. "कावून घेतलंस बाबा माझं नाव?"

"रीतसर घेतलंय, काकू. पावती हाय."

"मला हे नाव सासूनं ठिवलं. तिनं काय पावती फाडली न्हाई."

एवढं बोलून त्या गेल्या, आणि लेकीनं अशा तंट्यांसाठी असलेल्या लवादाकडे तक्रार केली.

तात्यांचं उत्तर मी लिहिलं, हे कबूल करतो. लवाद तीन गोष्टी बघतो: नाव तक्रारदाराच्या नावासारखंच आहे का, घेणाऱ्याचा त्यावर हक्क आहे का, आणि हेतू वाईट होता का. पहिलीवर मी लिहिलं, काकूंकडे ट्रेडमार्कची नोंदणीच नाही. लवाद म्हणाला, इतक्या वर्षांचा वापर आणि गिऱ्हाइकांची पत्रं पुरेत. दुसरीसाठी मी तात्यांना गोदा नावाची एक मयत आत्या मिळवून दिली. तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. तिसरीचं उत्तर तात्यांनी आधीच लेकीला मेसेजवर पाठवलं होतं: "सांगतो त्या किमतीला घ्या, न्हाईतर कारखानेवाला लई दिवस मागं लागलाय." लवादानं तोच मेसेज निकालात उतरवला आणि नाव काकूंना देऊन टाकलं.

मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. शाल घालणारा कार्यालयवाला भर दुकानात "आमचं नाव सोडता का न्हाई?" म्हणून गरजला. तात्यांनी महिनाभरात उरलेली सगळी नावं फुकट परत केली, दुकान विकलं आणि ते पुण्याला मुलीकडे निघाले.

पोचवायला मी स्टँडवर गेलो. बरेच दिवस मनात होतं ते विचारलं, "तात्या, माझंही नाव घेतलं होतं का?"

"न्हाई ओ, वकीलसाहेब." तात्यांनी खिडकीतून अगदी मायेनं माझ्याकडे पाहिलं. "घिऊन काय केलं असतं? मागायलाच कोन आलं नसतं."

एसटी हलली. आयुष्यात पहिल्यांदाच मला गोदाकाकूंचा हेवा वाटला.