मायचं नाक आणि माझं अत्तर

अत्तर घरच्या घरी करता येतं, हे मला मोबाइलवरच्या एका बाईनं शिकवलं. ती बाई कधी भेटलीच तर मी तिला दोन गोष्टी सुनावणार आहे. "कुठलंही तेल घ्या," असं ती गोड हसून म्हणाली होती. कुठलंही म्हणजे काय? आमच्या आसगावात कुठलंही तेल म्हणजे जवसाचं तेल. ज्यानं ते एकदा हुंगलंय त्याला पुढचं सांगायला नको. ज्यानं नाही हुंगलं त्यानं एवढंच समजावं, की त्यात ओंजळभर मोगरा टाकला तरी मोगरा ब्र काढत नाही.

पण मी या अत्तराच्या नादी लागले ती मायच्या नाकापायी, तर आधी तेच सांगते.

माझ्या मायचं नाक अख्ख्या गावाला माहीत होतं. दिसायला साधंच, जरा बसकं, पण चिन्नोर तांदूळ खरा की खोटा हे सांगावं तर त्याच नाकानं. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ. पाहुणे यायचे असले, लग्न असलं, की लोक तो विकत आणायचे, आणि व्यापारी त्यात तसलाच बारीक, बिनवासाचा तांदूळ मिसळायचे. डोळ्यांना फरक कळत नाही. मग दिवाळीनंतर, धान चुरून, मळणी आटोपली की, बाया पदराखाली मूठ झाकून आमच्या ओसरीवर यायच्या. माय त्या मुठीतला तांदूळ आपल्या तळहातावर घ्यायची, दुसऱ्या हातानं झाकायची, अंगठ्यांच्या फटीतून आत "हाऽऽ" करून गरम श्वास सोडायची, जरा चोळायची आणि नाक लावायची. मग ती म्हणायची, "हाव, अस्सल हाय." नाहीतर, "वापस कर वं बाई, अर्धा तं दुसराच हाय." तिच्या शब्दावर पोती परत गेलेली मी पाहिली आहेत. तेवढा वेळ आमच्या चार खणांच्या घराला कचेरीचा मान यायचा आणि मी उगाचच फुशारून दारात उभी राहायची.

बाबा होते तेव्हा ते दर दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर जायचे. येताना पुस्तकं आणायचे आणि मायसाठी करंगळीएवढी अत्तराची कुपी. माय अत्तराचा फाया कानाच्या पाळीमागं ठेवायची आणि कुपी रिकामी झाली की पेटीत लुगड्यांच्या घड्यांत खुपसून द्यायची. ती पेटी उघडली की मी धावत जाऊन तीत तोंड घालायची. बाबा गेले, कुप्या यायच्या बंद झाल्या. पेटी मात्र कितीतरी वर्षं तशीच वास देत राहिली, आणि मला आजही बाबा आठवतात ते त्या पेटीसकट.

आता माझं. माझ्याबद्दल मायचं एकच म्हणणं, "तुह्या पोटात काही रायत नाही. सारं तोंडावर येते." लहानपणी मी गूळ चोरून खाल्ला की ती हात नाही, तोंड पाहायची. मी कधीच सुटले नाही. त्याचा मला तेव्हा संताप यायचा, आताही येतो.

तर ती करोनाची दुसरी लाट आली त्या उन्हाळ्यात मी नागपूरहून घरी आले होते. ऑफिसचं काम घरूनच चाललं होतं. माय आजारी पडली. पंधरा दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात काढून ती परत आली तेव्हा मी देवाधर्माची नाही, तरी कोणाकोणाचे आभार मानले म्हणून सांगू! तब्येत हळूहळू सुधारली. एके दिवशी मी आतल्या खोलीत काम करत होते आणि करपल्याचा वास आला. धावत आले तर चुलीवर भात जळून कोळसा झालेला, धूर निघतोय, आणि माय दोन हातांवर बसून शांतपणे वाल निवडते आहे.

"माय! भात!"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे. तिचं तोंड असं उतरलेलं मी बाबा गेले तेव्हाच पाहिलं होतं.

"मले कायचाच वास येऊन नाही राहिला," ती म्हणाली. "दवाखान्यातून आली तवापासून. कोणाले सांगू नोको."

"काहून नाही सांगायचं? सगळ्यांनाच झालंय असं."

"सगळ्यायच्या नाकावर कोणी पोते वापस नाही करत," माय म्हणाली. "धान निघंल, बाया येतीन. मंग मी काय सांगू त्यायले?"

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, कापूर हुंगवा, येईल परत, कधी येईल सांगता येत नाही. चार दिवसांत मायनं ती लवंग मसाल्यात टाकून दिली. "दवाई वाटते," म्हणाली. तेव्हा मला बाबांच्या कुप्या आठवल्या. वाटलं, हिच्या आवडीचं काहीतरी करावं, हिच्याच अंगणातल्या फुलांचं. धान निघायला पाच-सहा महिने होते. तेवढ्यात हे नाक जागं करायचं, असं मी मनाशी ठरवलं आणि मोबाइलवरच्या त्या बाईच्या तावडीत सापडले.

जवसाच्या तेलाचं सांगितलंच. दुसऱ्या खेपेला ती बाई म्हणाली, तेल नको तर व्होडका घ्या. घ्या म्हणे! आमच्याकडे मिळते ती मोहाची. शेजारच्या काकूंच्या घरी गुडघे चोळायला एक शिशी ठेवलेली असायची, त्यातली अर्धी मी मागून आणली. मोगरा, गावठी गुलाब, सगळं त्यात बुडवलं. शिशी आठ दिवस उन्हात ठेवली, फुलं रोज बदलली. सतत त्यात बोटं घालून माझं स्वतःचं नाक असं सुन्न झालं होतं की मला त्यात मोगऱ्याशिवाय काही येईना. नवव्या दिवशी मी शिशी मायसमोर धरली.

"थांब, चष्मा दे," ती म्हणाली. चष्मा लावला, हुंगलं, माझ्याकडे पाहिलं. "मोगरा हाय का वं?"

मी उडीच मारली. "आला? आला तुला?"

"थोडासाक येऊन राहिला," माय म्हणाली आणि हसली.

वर्षावास सुरू झाला होता. त्या तीन महिन्यांत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. माय पांढरं लुगडं नेसून निघाली, तशी मी कौतुकानं तिच्या दोन्ही कानांमागं, मनगटावर, पदरालाही ते अत्तर लावलं. काय अवदसा आठवली मला! माय पहिल्या रांगेत बसली. पंचशील सुरू झालं. दारू पिणार नाही असं पाचवं शील मायनं मोठ्या आवाजात, सगळ्यांच्या बरोबर म्हटलं, आणि मागच्या दोन बाया मांडी मोडून हळूच सरकल्या. मग आणखी एक. शेवटी काकू वाकून तिच्या कानात म्हणाल्या, "वहिनी, तब्येत बरी हाय ना? अंगाले मोहाचा वास येऊन राहिला."

माय क्षणाचाही उशीर न करता म्हणाली, "पोरीनं गुडघे चोळून देल्ले. तुमच्याच शिशीतली हाय."

घरी येऊन तिनं हे सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. हसता हसता माय एकदम थांबली आणि डोळ्यांना पदर लावला. "पुऱ्या विहाराले आला वं," ती म्हणाली.

माझ्या मनात शंका आली. "मग तुला मोगरा कसा आला होता? खरं सांग."

"मोगरा येत होता. दारू नाही आली. मोगऱ्यानं दाबली असंल."

आता हे पटण्यासारखं होतं का? पण मला पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं.

मग मात्र मी मोबाइल बाजूला ठेवला. अड्याळच्या बाजारातून घाण्याचं तिळाचं तेल आणलं. अंगणातला पारिजातक फुलायला लागला होता. पहाटे पडलेली फुलं वेचायची, केशरी देठांसकट तेलात टाकायची, दुसऱ्या दिवशी गाळून नवी टाकायची. अशी पंधरा-वीस दिवस. गुलाबाचं वेगळं, लिंबाच्या पानांचं वेगळं, वाळ्याचं वेगळं. औषधाच्या रिकाम्या तपकिरी शिश्या उकळून घेतल्या, चिठ्ठ्या मुद्दाम नाही लावल्या. अंगणात सडा टाकून झाला की माय ओसरीवर बसायची, चष्मा लावायची आणि मी शिशी तिच्या नाकाशी धरायची. आधी मी हुंगायची, खात्री करायला, मग तिला द्यायची. गुलाबाला ती गुलाब म्हणायची, वाळ्याला वाळा. लिंबाला तर नाक मुरडायची. सहा वेळा हुंगलं की पाच वेळा बरोबर यायला लागलं. मला इतका माज चढला होता, की ऑफिसच्या मीटिंगमध्येही मी हसतच बसायची. माय विचारायची, "तुले बरं वाटते का हे करून?" मी म्हणायची, मला कशाला, तुला वाटलं पाहिजे. "मले तं भल्लं बरं वाटते," ती म्हणायची. ते दिवस आठवले की अजून माझ्या बोटांना तेल लागल्यासारखं वाटतं. त्याहून चांगले दिवस आम्हा दोघींच्या वाट्याला आले नाहीत.

धान निघालं. शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या. एके सकाळी काकू आल्या, दोन्ही मुठी पदराखाली. त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. दोन व्यापाऱ्यांकडून नमुने आणले होते, वरपक्षाच्या पंगतीला चिन्नोरच पाहिजे होता आणि त्यात फसवणूक झाली असती तर पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. "तुमी सांगान तोच घेतो," काकू म्हणाल्या.

मी त्यांना उद्या या म्हणणार होते. माय मात्र मला म्हणाली, "बाई, चष्मा आण."

तिनं पहिली मूठ घेतली, झाकली, "हाऽऽ" केलं, नाक लावलं. मग तो तांदूळ माझ्यापुढे केला. "घे, तू बी पाय. शिकून ठेव." मी हुंगला. काहीच नाही, साधा तांदूळ. मग दुसरी मूठ. तिनं हुंगला, मला दिला. मी श्वास घेतला आणि मी एकदम सात वर्षांची झाले. शाळेतून आले आहे, दप्तर खांद्यावरच आहे, वळणापासूनच आमच्या घरचा भात कळतो आहे आणि बाबा घरी आहेत.

"दुसरा घ्या," माय काकूंना म्हणाली. "पयला चिन्नोर नोहे."

काकू तिच्या पाया पडायच्याच बाकी राहिल्या होत्या. त्या गेल्या आणि मी नाचायला लागले. नाक आलं होतं! आमच्या दोघींच्या सहा महिन्यांच्या कष्टाचं फळ. मी आत धावले, फळीवरची पारिजातकाची शिशी घेतली आणि तिच्या नाकाशी नेली. "हे घे, आता हे सांग."

माय हसली. "पारिजातक."

"शाब्बास!" म्हणून मी दोन थेंब तिच्या मनगटावर ओतले. ते ओघळून खाली गेले. मी बोट लावलं. तेल नव्हतं. हुंगलं. काही नव्हतं. सकाळी मीच ती शिशी रिकामी करून धुवायला पाण्यानं भरून ठेवली होती. घाईत या खेपेला आधी हुंगायचं राहून गेलं होतं.

मायनं माझं तोंड पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

"पाणी होतं का वं?"

"तुला मोगराही नव्हता आला," मी म्हणाले. राग आला होता, रडू येत होतं, काय आधी करावं कळेना. "गुलाब नाही, वाळा नाही. काहीच नाही. आणि काकूंना कसं सांगितलंस? पोरीच्या लग्नाचा तांदूळ आहे तो!"

"खोटं नाही सांगतलं." मायनं माझा हात धरून मला खाली बसवलं. "शिशी आधी तू हुंगत जाय, मी तुह्या तोंडाकडे पाहत जावो. गुलाबाले तुह्ये डोये बारीक होतेत. लिंबाले तू नाक वाकडं करते. आताची तं शिशीच वळखली. येवढी मेहनत करून राहिली होती, मले नाही म्हणवलं नाही." मग म्हणाली, "पयल्या मुठीले तुह्या तोंडावर काहीच नाही आलं. दुसऱ्या मुठीले शाळेतून भुकेजून येत जाय ना, तसं तोंड झालं तुह्यं. तेवढं पाहिलं अन् मी सांगतलं."

मग मी रडलेच. माय माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या मनगटावरचं ते पाणी माझ्या ब्लाउजला लागलं.

काकूंच्या पोरीच्या लग्नात भाताचा वास मांडवाबाहेरपर्यंत येत होता. मी मायच्या शेजारी पंगतीला बसले होते. ती जेवता जेवता सारखी माझ्याकडे पाहत होती, आणि मी दर घासाला तोंड तिच्याकडे करून जेवत होते.

तिचं नाक काही परत आलं नाही. मी नागपूरला परतले, पण दिवाळीनंतर आठ दिवसांची सुट्टी काढून घरी जातेच. ऑफिसात विचारतात, एवढं काय असतं गावाला? बाया अजूनही ओसरीवर येतात, पदराखाली मूठ घेऊन. माय हातावर घेते, "हाऽऽ" करते, नाक लावते आणि मग माझ्यापुढे करते. गावाला वाटतं, मायनं आता पोरीला शिकवायला घेतलं. मी मुठीत नाक घालते, आणि माय डोळ्यांना चष्मा लावते.