आत्यांचं तळ्याकाठचं गाव

आधी आत्यांचं सांगतो, मग माझं. आत्या नसत्या तर मी पहिल्याच थंडीत सामान बांधून अकोल्याला परतलो असतो. आणि स्वतःच्या गावाचा इतिहास एवढ्या मोठ्या आवाजात सांगणारं माणूस अख्ख्या कॅनडात दुसरं नसेल, हे मी पैजेवर सांगतो. त्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत. मूळच्या अमरावतीच्या. नर्स म्हणून तरुणपणी या तळ्याकाठच्या चिमुकल्या गावात आल्या, यजमान गेले, तरी इथेच राहिल्या. मी नववीत शाळा सोडलेला, उन्हाळ्यापुरत्या चालणाऱ्या इथल्या खानावळीत स्वयंपाकाला आलेला. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "कुठचा रे तू? अकोल्याचा? असू दे, मानूस सुधरते."

गावाचा इतिहास त्या घरातलं भांडण सांगावं तसा सांगतात. "आधी यायनं लाकूड इकलं, जंगल सरलं. मंग मासे इकले, मासे सरले. आता नुसता देखावा इकून राहिले. तो सरत नाही, तेवढं बरं हाय." तळ्यापलीकडच्या मोठ्या शहराने 'आमच्या नगरपालिकेत या' म्हणून या गावाला किती वेळा विनवलं. गाव दरवेळी नाही म्हणतं. का, ते महापौरांनाही धड सांगता येत नाही. आत्या त्यांना सरपंच म्हणतात, कारण रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी ते स्वतःच चालवतात. मी कारण विचारलं तर आत्या माझ्यावरच डाफरल्या, "कारन कायले पायजे? नाही म्हन्जे नाही!" इथे कुणाकडे जायचं तर आधी फोन करतात. आत्या दारसुद्धा वाजवत नाहीत. "मी का पाहुनी हाओ?" एकदा शेजारचे आजोबा टॉवेलवर असताना आत्या थेट त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्या, ठेच्याची वाटी ठेवली, त्यांच्या खिडकीतून तळं किती गोठलं ते पाहिलं आणि परत आल्या. आता आजोबा घरातही पूर्ण कपड्यात असतात.

थंडी सुरू झाली, पर्यटक गेले, खानावळ बंद झाली. काम नाही तर इथे राहता येत नाही. पाय दुखायचे, झोप यायची नाही, आणि फोनवर आईला रोज 'बरं आहे' म्हणण्याचाही थकवा यायचा. रखवालदाराची एकच जागा उरली होती. गावच्या सभागृहात राहायचं, तिथली ऊब देणारी भट्टी चालू ठेवायची, आणि उन्हाळा संपल्यावर बंद केलेल्या बंगल्यांत नळ गोठून फुटत नाहीत ना, हे फिरून पाहायचं. आधीचे दोघे रखवालदार भर हिवाळ्यात पळून गेले होते. मी अर्ज केला. नगरपालिकेच्या बैठकीत एका सदस्यबाईंनी सरळच विचारलं, "गरम मुलखातला माणूस इथे टिकेल?"

आत्या उठल्या. त्या बोलतात इंग्रजीच, पण मला ते वऱ्हाडीच ऐकू येतं. "अकोल्याचं ऊन पाह्यलं का कोनी? तिथं मे महिन्यात दुपारी निघालं तं मानूस भोवंड येऊन पडते. हा त्यातून जिता आला!"

महापौरांनी मला विचारलं, "मग तू काय करायचास त्या उन्हात?"

खोटं सुचेना. म्हटलं, "पहाटेच कामं उरकायचो. दुपारी दार लावून घरात बसायचो."

सगळे हसले. मला वाटलं, गेली नोकरी. महापौर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आधीचे दोघे शूरपणा दाखवायला म्हणून वादळात बाहेर पडायचे. आम्हाला बाहेर कधी पडायचं नाही, हे कळणारा माणूस हवा." जागा मला मिळाली.

घरी जाताना बर्फातून आत्यांना हात दिला. त्यांचे गुडघे आता दुखतात, त्या मान्य करत नाहीत. आभार मानले तर म्हणाल्या, "चूप ऱ्हाय." थोडं चालून गेल्यावर एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ गेला तवापासून अमरावतीले गेलीच नाही मी. तिथं मले आपली म्हननारं कोन उरलं रे आता?"

एक दिवस मी आत्यांना घेऊन जाणार आहे. अमरावतीच्या राजकमल चौकात त्यांचा हात धरून उभा राहीन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन, या आमच्या आत्या.