काठाचा धागा

निम्मे कपडे पिळून झाले होते, निम्मे बादलीत होते, तेवढ्यात वन्संची हाक आली. "वहिनी, देवापुढचा दिवा तेवतोय ना अजून?"

वन्सं म्हणजे माझी नणंद. त्यांचं आयुष्य शिवणाच्या कारखान्यात गेलं. कुणी भेटलं की आधी त्याची बाही चिमटीत धरून पोत बघायचा, मग ख्यालीखुशाली. सगळे त्यांना चिमटाबाई म्हणतात. कारखाना बंद पडला तेव्हा कितीतरी दिवस खिडकीशी नुसत्या बसून असायच्या. मग आमच्या पुढच्या खोलीत मशीन आलं, आणि आता स्वतःचं पहिलं काम मिळालं, कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या भट्टीवाल्यांचे एप्रन. अट एकच, कापड निव्वळ सुती हवं. पॉलिस्टर आचेला वितळतं आणि कातडीला चिकटतं.

कापून झालेल्या कापडाचा एक धागा ओढून वन्संनी दिव्यावर धरला.

"देवाच्या दिव्यावर कसली परीक्षा घेताय?" मी म्हटलं.

"खोटं त्याच्यापुढेच उघडं पडलेलं बरं."

धागा आक्रसला आणि टोकाला काळा, टणक मणी उरला. वन्संनी तो मला दाखवला. "सुताची राख होते, वहिनी, कागदासारखी. दुकानदारानं शेंडी लावली. कापलेलं कापड आता कोण परत घेणार? बेकरीवालीला सांगून येते, दुसरं कुणी बघ म्हणून."

त्यांना अडवायला मी वळले, तो बादलीला पाय लागला आणि पाणी थेट मशीनपर्यंत गेलं. मशीनखाली पडलेल्या त्याच कापडाच्या चिंध्या घेऊन पुसायला बसले. दोनदा हात फिरवला, तर फरशी कोरडी.

"वन्सं, हे तर पाणी पितंय. माझ्या त्या पॉलिस्टरच्या साडीनं पुसलं असतं तर पाणी नुसतं इकडचं तिकडे झालं असतं."

वन्संनी चिंधी चिमटीत धरली. मग म्हणाल्या, "मघाशी मी धागा कुठला काढला?"

"काठाचा."

त्यांनी कपाळावर हात मारला. काठ उसवू नये म्हणून तिथे कधीकधी पॉलिस्टरचा धागा घालतात, हे त्यांनीच मला सांगितलेलं. कोरड्या तुकड्याच्या मधून एक उभा आणि एक आडवा धागा ओढून त्यांनी दिव्यावर धरले. दोन्ही भराभर जळले. राख फुंकरीसरशी उडाली.

"लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, तुम्ही नरक गाठलात," मी म्हटलं.

"तेही सूत नव्हतंच," म्हणाल्या, आणि कारखाना सुटल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसल्या. मी देवाला हात जोडले. बादलीला पाय माझा लागला, पण धक्का त्याचा होता असंच मी धरते.

वन्सं मशीनवर बसल्या, पायटा हलवला आणि थांबल्या. रिळाचा दोरा चिमटीत धरला.

"हाही पॉलिस्टरचाच," त्या म्हणाल्या आणि पायात चपला सरकवल्या. "बाजारात जाऊन येते, सुती दोऱ्याची रिळं आणायला."