सहीचा रकाना

मारुतीअण्णा संगणकाच्या पडद्यावर उमटलेलं प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचायचे आणि वहीत उतरवून ठेवायचे. लांबट वही, तीन रकाने: पडद्यानं काय विचारलं, उत्तर काय दिलं, आणि उत्तर देणाऱ्याची सही. पुण्याहून बेंगळुरूला येऊन मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका स्प्रिंगांच्या कारखान्यात संगणक विभाग हाती घेतला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे बघून हसू फुटलं. ‘ओके’ दाबायला सही!

“हसा की ओ ताई,” ते म्हणाले. “पण त्यानं इचारलं, माणसानं उत्तर दिलं. उत्तर कुणाचं ते कळाय नको?”

अण्णा निपाणीचे. घरी मराठी, कारखान्यात कन्नड. स्प्रिंग दाबून तिचा जोर मोजणारं एक जुनं मशीन होतं, त्याला जोडलेल्या संगणकावर ते वीस-बावीस वर्षं बसत होते, तेही कंत्राटावर. सगळ्या सिस्टीम त्यांनी भोगल्या होत्या. काळा पडदा गप बसायचा, सांगितलं तेवढं करायचा, असं ते सांगत. मग माउस आला, मग पडद्यावर ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. बाकीच्या टेबलांवरची आताची सिस्टीम मात्र काम अर्ध्यावर असताना म्हणते, थांबा, मला नवं व्हायचंय. “जावयाचं पण एवढं ऐकून घेतलं न्हाई आम्ही!”

खरं तर माझाही हाच संताप होता. कॉलेजात चपला बाहेर काढून संगणकाच्या थंड खोलीत जायचो तेव्हापासून बघतेय, हात बसला की मेल्यांनी बटणांच्या जागा बदलल्याच म्हणून समजा. माझा स्वतःचा लॅपटॉप ऐन मीटिंगमध्ये ‘कृपया बंद करू नका’ म्हणत पाऊण तास गोल गोल फिरला आहे. आणि तरीही लोकांच्या गळ्यात नवी सिस्टीम मारायचा पगार मीच घेत होते.

मुख्य कचेरीचा हुकूम आला: महिनाअखेर एकही जुनी सिस्टीम दिसता कामा नये. अण्णांनी सांगितलं, या संगणकाला हात लावू नका. मशीन आणि संगणक जोडणारं कार्ड जुन्यावरच चालतं, आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. नाहीच ऐकणार तर निदान जुन्याची प्रत काढून ठेवा, असंही दोनदा म्हणाले. मी हो हो केलं आणि काढली नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी माझ्या यादीत तेवढा एकच संगणक उरला होता. माझं डोकं फिरलं. मी त्यांना खुर्चीवरून उठवलं.

“स्वल्प थांबा, वाचूंदे तरी,” म्हणेपर्यंत मी बटण दाबलंसुद्धा. अण्णांनी वही पुढे केली. मी हसत हसत, चांगली झोकदार सही ठोकली.

नव्या सिस्टीमनं ते कार्ड ओळखलंच नाही. मशीन मुकं झालं. तपासणीविना माल बाहेर जाईना, गिऱ्हाईक बोंबलू लागलं, आणि वर कुणाचं तरी नाव पाठवणं भाग पडलं. अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं की ऑपरेटरनं धोक्याची पूर्वसूचना दिली नाही. हो, मीच लिहिलं. मला नोकरी हवी होती. कारण एवढंच आहे आणि ते घाणेरडं आहे.

चौकशीसाठी मॅनेजरच्या खोलीत अण्णा माझ्यासमोर बसले. मांडीवर वही, मिटलेली. अहवाल इंग्रजीत होता, आणि अण्णांचं इंग्रजी पडद्यावरच्या ठरावीक वाक्यांपुरतंच. ते मला म्हणाले, “ताई, मराठीत सांगा. वाचल्याबिगर मी सही करत न्हाई.”

माझं खोटं मला माझ्याच भाषेत, एकेक वाक्य करून, त्यांना सांगावं लागलं. ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मॅनेजरनं त्यांना विचारलं, काही म्हणायचंय? ते नाही म्हणाले. मग मला विचारलं, आणखी काही? अण्णांनी वही उचलून टेबलावर माझ्यासमोर ठेवली आणि थांबले. नुसती उघडायची होती. मी नाही म्हणाले.

“सरी,” ठीक आहे, असं कन्नडमध्ये म्हणून त्यांनी सही केली, डबा घेतला आणि कायमचे गेले. वही तिथंच राहिली; ती मी उचलून माझ्या खणात टाकली.

मला त्यांचा भयंकर राग आला. अहो, पुरावा हातात होता, तर आपटायचा ना माझ्या तोंडावर! चांगुलपणा कसला दाखवता? महिनाभर मी हेच घोकत राहिले, कारण दुसऱ्या रागाकडे बघायची हिंमत नव्हती. शेवटी वही उघडली. चौकशीला जाण्याआधीच त्यांनी माझ्या सहीखाली आणखी एक ओळ आखून ठेवली होती.

पहिला रकाना: ‘साहेब ताईंना विचारतील, आणखी काही सांगायचं आहे का.’ पुढचे दोन रकाने त्यांनी मोकळे सोडले होते.

मी पेन काढलं. उत्तराच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. सहीचा रकाना अजून कोराच आहे.